इंटटाइप्स.एच: सात महिन्यांच्या वापरानंतर

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीसाठी मी भट्टीचं तापमान नोंदवणारं छोटं यंत्र करतो. आत ३२ बिटी एआरएम चिप, कोड सगळा सी मधला. वेळ मायक्रोसेकंदांत, यूइंट६४_टी या ६४ बिटी बिनचिन्ह पूर्णांकात. आणि ती सी च्या प्रिंटएफ फंक्शनने छापायला सवयीने %यू, म्हणजे साध्या ३२ बिटी आकड्याची खूण, लिहिलेलं. राजारामपुरीत घरी लॅपटॉपवर अर्धा तास चालवलं, आकडे बरोबर आले. फौंड्रीत लावलं, तर भट्टीवरचे मामा म्हणाले, "आवं, भट्टी बंद करून तास झाला, मग ह्यो आकडा चढतोय कसा?"

तापमानाच्या खान्यात वेळ छापली जात होती! या चिपवर ६४ बिटी आकडा सम क्रमांकाच्या रजिस्टरपासून (चिपच्या आतल्या छोट्या खान्यापासून) जोडीने जातो, त्यामुळे मधलं आर१ रजिस्टर रिकामं सुटतं. %यू ने तिथला कचरा उचलला आणि पुढच्या, तापमानाच्या %डी ने वेळेचा खालचा अर्धा भाग. लॅपटॉपवर आख्खा आकडा एकाच रजिस्टरमध्ये मावतो, म्हणून चूक दिसली नाही. तिथेही ७१ मिनिटं ३५ सेकंदांनी वेळ पुन्हा शून्यावर आली असती, पण तेवढा वेळ मी थांबलोच नव्हतो.

तेव्हापासून इंटटाइप्स.एच या सी च्या हेडर फाइलीतले मॅक्रो, म्हणजे आकड्याच्या आकाराला योग्य खूण घालणारी नावं, वापरतो आणि "वेळ=%" पीआरआययू६४ असंच लिहितो. शेजारशेजारच्या स्ट्रिंग कंपायलर जोडून घेतो. % मात्र आपणच घालायचा. हे मॅक्रो सी९९ पासून, म्हणजे सी भाषेच्या १९९९ च्या मानकापासून आहेत. ३२ बिटींनाही ते लागतात: आमच्या टूलचेनवर (चिपसाठीचा कंपायलर आणि सोबतची साधनं) यूइंट३२_टी म्हणजे अनसाइन्ड लाँग, लिनक्सवर अनसाइन्ड इंट. पीआरआययू३२ लिहिलं की दोन्हीकडे कंपायलरचा इशारे देणारा -वॉल पर्याय गप्प. साइझ_टी ला, म्हणजे आकार मोजायच्या प्रकाराला, %झेडयू पुरतं.

वाचायला हे ओबडधोबड आहे, हे मान्य. खरा त्रास वेगळाच झाला. सगळं बरोबर लिहूनही वेळेच्या जागी नुसतं "एलयू" छापून यायचं. दोन रात्री त्यात गेल्या. न्यूलिब-नॅनो ही आमच्या चिपवरची छोटी सी लायब्ररी जागा वाचवायला ६४ बिटी छपाई गाळतं, हे तेव्हा समजलं. पूर्ण न्यूलिबला चिपची फ्लॅश मेमरी पुरेना, म्हणून सेकंद आणि उरलेले मायक्रोसेकंद वेगळे काढून दोन पीआरआययू३२ ने छापतो. नॅनो वापरणाऱ्यांनी हे आधीच तपासावं.

पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, छापायला %पी, आणि आधी व्हॉइड पॉइंटरमध्ये (प्रकार न ठरलेल्या पत्त्यात) कास्ट, म्हणजे प्रकार बदलणं. हा कास्ट मी आता कधीच सोडत नाही. पण %पी काय छापेल ते लायब्ररीवर असतं: लिनक्सवर ०एक्स लागून येतं, विंडोजवर त्याशिवाय, पुढे शून्यं भरून. माझ्या मित्राच्या विंडोजवरचा लॉग माझ्या लॉगशी ताडून पाहायचा होता, तेव्हा यूइंटपीटीआर_टी या पत्ता मावणाऱ्या पूर्णांकात कास्ट करून पीआरआयएक्सपीटीआर वापरलं, आणि दोन्ही फाइलींतले पत्ते एकाच साच्यात आले.

सी२३ या नव्या मानकात याच कामाला %डब्ल्यू६४यू आलंय, दिसायला सुटसुटीत आहे. आमची टूलचेन जुनी, त्यामुळे पुढच्या यंत्रातही मॅक्रोच राहणार.