नव्या शहरातलं सँडविच आणि कॉफी: फोनवर शोधावं की माणसांना विचारावं?

नव्या शहरात गेल्यावर तिथलं खास सँडविच आणि तिथली कॉफी गाठायची तर दोन वाटा असतात. एक, फोनवरचा नकाशा आणि त्यातले तारे. दुसरी, तिथल्या माणसांना विचारणं. मी दोन्ही भरपूर वापरल्या आहेत.

कॉफीपुरता फोन बहुतेक वेळा पुरतो. फक्त 'जवळची कॉफी' असं शोधू नये. तसं शोधलं की कुठल्याही शहरात असतात तशीच दुकानं आधी वर येतात. त्या गावच्या कॉफीचं नाव टाकावं. व्हिएतनाममधल्या हनोईत १९४६च्या सुमाराला दुधाची टंचाई होती म्हणून फेटलेला बलक घालून कॉफी करायला लागले, ती आजही मिळते. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्सला चिकोरी (एका वनस्पतीचं भाजलेलं मूळ) घातलेली, गरम दुधाची कॉफी. अशा नावाने शोधलं तर सहसा योग्य दारात पोचता येतं. आणि कॉफी शक्यतो संपत नाही, दुकान उघडं म्हणजे ती मिळणारच.

सँडविच मात्र संपतं. माझं मत पक्कं झालं ते इथेच. फोनवर 'संध्याकाळी सहापर्यंत उघडं' असं लिहिलेलं असतं, आपण दुपारी दोनला भुकेने पोचतो, तर शटर अर्धं खाली. आत एक जण पाटावरचा चुरा झाडत असतो आणि पावाची टोपली रिकामी. बऱ्याच जुन्या दुकानांत ब्रेड रोज सकाळी बाहेरून येतो. तो संपला की त्या दिवसाचं दुकान संपलं. नकाशाला हे कळत नाही. हातगाडीवाल्यांचा तर कित्येकदा त्यावर पत्ताच नसतो, आणि व्हिएतनाममधलं 'बान्ह मी' नावाचं सँडविच तर बऱ्याचदा गाडीवरच मिळतं.

शिवाय कधी खायचं हेही तारे सांगत नाहीत. न्यू ऑर्लीन्सचंच बघा. मफलेटा म्हणजे तीळ लावलेला गोल ब्रेड, आत मांसाचे काप, चीज आणि ऑलिव्हचं तेलकट सॅलड. तो थोडा वेळ राहिला, तेल ब्रेडमध्ये मुरलं की जास्त चांगला लागतो. तिथलंच दुसरं सँडविच म्हणजे पो-बॉय, त्याच्या ब्रेडची साल पातळ आणि कुरकुरीत. तळलेली कोळंबी भरली की लगेच खायला हवा, नाहीतर मऊ पडतो. फोनवर दोघांनाही साडेचार तारे.

हे विचारल्याशिवाय कळत नाही. अर्थात, 'सगळ्यात चांगलं कुठे मिळतं?' असं विचारलं तर सगळे प्रसिद्ध नावच सांगतात. मी कॉफी घेता घेता काउंटरवरच्या माणसाला विचारतो, 'तुम्ही स्वतः कुठे खाता, आणि किती वाजता जाता?' हॉटेलच्या रिसेप्शनपेक्षा हे उत्तर मला नेहमी जास्त उपयोगी पडलं आहे.

मांस खात नसाल तर मात्र फोन सोडू नका. मेनूचे फोटो आधी बघितलेले बरे. रात्री उशिरा पोचणाऱ्यालाही त्याचाच आधार. बाकी वेळी मी तरी विचारण्याच्या बाजूने आहे. भाषा येत नसेल तर सँडविचचा फोटो दाखवून घड्याळाकडे बोट केलं तरी काम होतं.