आठ महिने, हजारांची यादी आणि रोज रात्री लागणारं तेच लग्न

क्लाउडचं, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या जागेचं, बिल तिप्पट आलं त्या दिवशी दाजींनी बेळगावच्या खडेबाजारातल्या स्टुडिओतून फोन केला. "काय गा, एवढे फोटो कुणी काढले? मी तर महिनाभर बसूनच हाय की." स्टुडिओ दाजींचा, फोटो क्लाउडवर ठेवायची अक्कल माझी. रोज रात्री डिस्कवरच्या फायली तिथल्या यादीशी ताडून राहिलेल्या चढवणारा पायथनचा तीसेक ओळींचा प्रोग्रॅमही माझाच. त्यामुळं शिव्याही माझ्याच वाट्याला.

सेवा एस-थ्रीच्या, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या फायली ठेवायच्या सेवेच्या, धाटणीची आहे; तिच्याशी पायथनमधून बोलायची बोटो-थ्री लायब्ररी इथंही जशीच्या तशी चालते. विकणाऱ्या कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढं कळेलच. पहिले चार महिने मी टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत भेटेल त्या फोटोग्राफरला "घ्या, घ्या" सांगत सुटलो होतो. पावसाळ्यात खानापूरकडं दिवसदिवस लाईट नसते, डिस्क उडतात. इथं ती धास्ती नाही.

मग ते बिल. माझ्या यादीतल्या फायलींची बेरीज ९० जीबी आणि बिलात ४११ जीबी! तक्रार टाकली. तिसऱ्या दिवशी उत्तर म्हणून मदतीच्या पानाचा दुवा आला. मी ग्राहक न्यायालयाची भाषा काढली. आठवड्यानं कंपनीतल्या एका पोरानं फोन केला आणि शांतपणे विचारलं, "सर, व्हर्जनिंग चालू आहे का?"

चालू होतं. मीच केलं होतं, चुकून काही पुसलं तर जुनं मिळावं म्हणून. त्यात त्याच नावाची फाईल पुन्हा चढवली की जुनी जात नाही, मागं उभी राहते आणि तिचंही भाडं लागतं. नेहमीच्या यादीत मात्र फक्त ताजी प्रत दिसते. जुन्या बघायच्या तर त्यांची यादी वेगळ्या हाकेनं, म्हणजे प्रोग्रॅमनं सेवेकडं केलेल्या वेगळ्या मागणीनं, मागवावी लागते. ती मागवली तर ४०,२३० जुन्या प्रती. सगळ्या एकाच लग्नाच्या.

लॉग, म्हणजे प्रोग्रॅमची रोजची नोंद, काढून बघितला तेव्हा हसावं की रडावं कळेना. खानापूरच्या त्या लग्नाचे २,३४० फोटो. हळद, देवक, घाणा नीट एकदाच चढलेलं. १००० नंबरच्या फोटोपासून पुढं, म्हणजे अक्षता आणि जेवणावळ, रोज रात्री नव्यानं! १,३४१ फोटो, दिवसाला पावणेअकरा जीबी. महिनाभर रोज रात्री त्या नवरदेवाचं लग्न लागत होतं आणि आमचं ब्रॉडबँड जेवणं वाढत होतं.

कारण एकच: यादी एका हाकेला जास्तीत जास्त १,००० नावं देते. पाच हजार मागा, हजारच येतात. पुढचे फोटो यादीत दिसले नाहीत की ते चढलेच नाहीत असं समजून माझा प्रोग्रॅम ते पुन्हा चढवायचा. त्याआधीची सगळी लग्नं सहाशे-सातशे फोटोंत आटपलेली, म्हणून चार महिने काही कळलंच नाही. बरं, हजारात फोटो ९९९च होते. वेबपानावरून "फोल्डर" तयार केलं की शेवटी तिरकी रेघ असलेल्या नावाची शून्य बाइटची एक फाईल बनते, तीही मोजली जाते. सोयऱ्यांच्या पंगतीत रिकामं ताट मांडल्यागत.

माझा राग यावर आहे, आणि बिलापेक्षा जास्त आहे. अर्धी यादी देऊन उत्तराचा कोड २००, म्हणजे सगळं छान. वाण्यानं अर्धंच सामान बांधून "झालं" म्हणावं तसं. पहिल्यांदा मी एकच तारा देणार होतो.

खरं, थांबा. उत्तराच्या पोटात "इज-ट्रंकेटेड" नावाचा रकाना असतो आणि त्यात "ट्रू" लिहिलेलं होतं. सोबत पुढची पावती, कंटिन्युएशन टोकन. ती परत दिली की पुढचे हजार. बोटो-थ्रीतलं पॅजिनेटर नावाचं तयार साधन तर हे स्वतःच करतं, दोन ओळींचं काम. मी वाचलं नव्हतं. तेव्हा कंपनीला दिलेल्या शिव्यांपैकी निम्म्या परत घेतो. उरलेल्या निम्म्या त्या मदतीच्या पानाच्या दुव्यासाठी राहू देत. गुगल ड्राइव्हकडं प्रोग्रॅममधून यादी मागितली तर आकडा न सांगता शंभरच नावं मिळतात, म्हणजे ही रीत सगळीकडचीच.

आणखी एक गंमत. इथं फोल्डर असं काही नसतंच, नुसती लांबलचक नावं असतात. आपण सुरुवातीची अक्षरं सांगायची, तेवढ्यावर यादी गाळून येते. "खानापूर" मागितलं तर "खानापूरकर" आडनावाचं बारसंही आलं. शेवटची तिरकी रेघ विसरायची नाही, एवढंच. आणि यादी लागते ती बाइटच्या क्रमानं: आधी इंग्रजी नावं, मग देवनागरी, मग कन्नड. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी अक्षरांचे क्रमांक कन्नडच्या आधी येतात म्हणून. आमच्याकडं यावरूनही मोर्चा निघेल, म्हणून दाजींना सांगितलेलं नाही. फोटोंचे नंबर मात्र शून्यं लावून द्या, नाहीतर २ च्या आधी १० येतो.

हजार-हजारच्या खेपा वाढल्या तर पैसे वाढतील ही धास्ती होती. एस-थ्रीच्या अमेरिकेतल्या दरानं हजार हाकांना अर्धा सेंट. आमच्या रात्रीच्या पंधरा-वीस हाका त्यात चहाच्या साखरेएवढ्याही नाहीत. जुन्या प्रती सात दिवसांनी आपोआप पुसायचा नियम लावलाय, बिल जाग्यावर आलं. सेवा ठेवतोय, वर्षाचे पैसे एकदम न भरता महिन्याचे. तारे साडेतीन. त्या महिन्याचा एक रुपयाही त्यांनी सोडला नाही, नाहीतर चार दिले असते.

दाजींना सगळं समजावून सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "तीस वेळा लग्न लावलंस त्याचं, आणि अल्बमचे पैसे त्यानं एकदाचेही दिले नाहीत अजून."