ब्लूज ज्युनियरसाठी सिलिकॉनच्या डॅम्पर रिंगा: ट्यूबची झणझण खरंच थांबते का?

फेंडरच्या ब्लूज ज्युनियर या गिटार अ‍ॅम्पवर व्हॉल्यूम जरा चढवून गिटारची पाचवी तार मोकळी छेडली, की कधी कधी ११० हर्ट्झच्या त्या सुरामागे काचेच्या बांगड्या हलल्यासारखी झणझण ऐकू येते. सूर थांबला की तीही थांबते. शेजारचे सूर स्वच्छ वाजतात, तेवढा एकच सूर झणझणतो. अशा वेळी बहुतेक जण थेट नव्या ट्यूब, म्हणजे अ‍ॅम्पमधला आवाज मोठा करणाऱ्या काचेच्या नळ्या, मागवतात. त्याआधी ट्यूबच्या काचेवर चढवायच्या या लाल-नारिंगी रिंगा वापरून पाहाव्यात असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र त्या कोणत्या झणझणीवर चालतात आणि कोणत्या नाही, हे ओळखता आलं पाहिजे.

आधी कारण. ब्लूज ज्युनियर १५ वॅटचा कॉम्बो आहे. एकाच खोक्यात १२ इंची स्पीकर, आणि त्याच्या वरच्या अंगाला चासीतून (सर्किट बसवलेल्या धातूच्या पेटीतून) उलट्या लटकणाऱ्या पाच ट्यूब: सिग्नल वाढवत नेणाऱ्या तीन १२एएक्स७ आणि स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या दोन ईएल८४. (जुने रेडिओ दुरुस्त करणारे यांनाच व्हॉल्व्ह म्हणतात.) ईएल८४ ही उंच, सडपातळ ट्यूब. आतला कॅथोड, तीन ग्रिड आणि प्लेट असा सगळा सांगाडा वर-खाली अभ्रकाच्या चकत्यांवर पेललेला असतो आणि त्या चकत्यांची टोकं काचेला आतून टेकलेली असतात. ट्यूब रोज तापते, रोज निवते. हळूहळू अभ्रकाची भोकं झिजतात, टोकांची पकड ढिली होते. मग वीतभर अंतरावरचा स्पीकर हवा आणि लाकूड दोन्ही हलवायला लागला, की काच आणि सांगाडा एकमेकांवर आपटतात. हेड (नुसता अ‍ॅम्प) वेगळं आणि कॅबिनेट (स्पीकरचं खोकं) वेगळं असेल तर हा त्रास फारसा जाणवत नाही. कॉम्बोत मात्र तो रचनेतच आहे. चार-चार ईएल८४ असलेल्या व्हॉक्स एसी३० किंवा पीव्ही क्लासिक ३० या अ‍ॅम्पमध्ये शोधायच्या जागा दुप्पट, एवढाच फरक.

रिंग काय करते? काचेला घट्ट मिठी मारून बसते. काचेचं कंपन रबरात जिरतं, आणि थोडं वजन वाढल्याने काच ज्या सुरावर घुमायची तो सूरही किंचित सरकतो. आतल्या सांगाड्यापर्यंत तिचा हात पोचत नाही. म्हणून काच घुमत असेल किंवा पकड थोडीशीच ढिली झाली असेल, तर फरक लगेच कळतो. सांगाडा पुरता सैल झाला असेल, तर चार रिंगा चढवूनही काही होणार नाही.

त्यामुळे खरेदीआधी अर्धा तास तपासणीला द्या. फोनवर टोन जनरेटरचं, म्हणजे हवा तो एकच सूर सलग वाजवणारं, ॲप घ्या, त्याचा आवाज अ‍ॅम्पच्या इनपुटला द्या आणि ८० ते ४०० हर्ट्झपर्यंत सावकाश चढत जा. गिटारची सहावी मोकळी तार ८२ हर्ट्झची आणि पहिली ३३० ची, म्हणजे सगळ्या मोकळ्या तारा यात आल्या. झणझण जिथे सर्वांत जोरात येईल तिथे टोन स्थिर ठेवा. आता जेवणाची लाकडी चॉपस्टिक किंवा पेन्सिलीची रबराकडची बाजू घेऊन मागून एकेक ट्यूब हलकेच बाजूने दाबा. बोट लावू नका, ईएल८४ ची काच भाजते. जी दाबल्यावर आवाज बंद होतो, ती ट्यूब दोषी.

कोणतीच दाबून फरक पडला नाही, तर ट्यूबला दोष देऊ नका. मागच्या फळीचे स्क्रू, स्पीकरचे नट, हँडलच्या टोप्या, जॅकचे नट, पिशवीत आपटणारी रिव्हर्ब टँक (आवाजाला घुमारा देणारी स्प्रिंगांची पेटी), हे सगळं हाताने दाबून पाहा. ट्यूब धरून ठेवणारी तारेची क्लिप असेल तर तिच्याकडे नीट लक्ष द्या. अनेकदा काच नाही, काचेवर घासणारी ती तारच किणकिणते आणि क्लिप थोडी वाकवून बसवली की काम होतं. १२एएक्स७ वर धातूचं टोपण असेल, तर त्याच्या आतली स्प्रिंगही अशीच वाजते.

आणखी एक खात्री करून घ्या. अ‍ॅम्प बंद करून आतल्या स्पीकरचा प्लग काढा आणि त्याच ८ ओहमचं बाहेरचं कॅबिनेट जोडा. स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प चुकूनही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. कॅबिनेट चार-पाच फूट दूर ठेवून वाजवल्यावर झणझण गेली, तर ती कंपनाचीच होती. बाहेरच्या स्पीकरमधूनही तोच खरखरीत आवाज येत असेल, तर ट्यूब विद्युतदृष्ट्या बिघडली आहे किंवा मायक्रोफोनिक झाली आहे, म्हणजे हादरे माइकसारखे पकडून ते सिग्नलमध्ये मिसळते आहे. तिथे रिंग हा इलाज नव्हे. इनपुट जॅकजवळची पहिली १२एएक्स७ मायक्रोफोनिक निघाली, तर तिची तिसऱ्या, फेज इन्व्हर्टरच्या (दोन ईएल८४ ना सिग्नल वाटून देणाऱ्या) जागेवरच्या ट्यूबशी अदलाबदल करून पाहा. तिथे सिग्नल आधीच मोठा झालेला असतो, त्यामुळे तीच ट्यूब बरेचदा निमूट काम करते.

आता रिंगांच्या साहित्याकडे, कारण फसवणूक होते ती इथेच. खरं सिलिकॉन २०० अंश सेल्सिअसच्या आसपास सतत टिकतं. साधं नायट्राइल रबर १०० ते १२० अंशांच्या पुढे कडक होतं, तडकतं आणि काचेला काळं चिकटून बसतं. नुसत्या रंगावरून ओळख पटत नाही, लाल नायट्राइलही मिळतं. एक जादा रिंग घेऊन तिचा तुकडा कापा, पकडीत धरून उघड्यावर काडी लावा. सिलिकॉन जळून पांढरी राख उरते. काळा धूर आणि काजळी आली, तर पुडकं परत करा.

ट्यूबसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडक्यांत आणि औद्योगिक ओ-रिंगमध्ये आम्हाला कामाच्या दृष्टीने फरक दिसला नाही, किमतीत मात्र दिसतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटसारख्या हार्डवेअरच्या बाजारात ओ-रिंग सुट्या मागता येतात. मागताना ‘सिलिकॉन’ हा शब्द स्पष्ट सांगा. ईएल८४ आणि १२एएक्स७ या दोन्ही नऊ पिनांच्या ट्यूबसाठी ११६ नंबरची रिंग बसते: आतला व्यास १८.७२ मिमी, जाडी २.६२ मिमी. या काचेचा व्यास जास्तीत जास्त २२.२ मिमी असतो, म्हणजे रिंग ताणून बसते आणि घसरत नाही. तरी व्हर्नियरने मोजून घ्या, वेगवेगळ्या कारखान्यांच्या काचेत थोडाफार फरक असतो. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या ईएल८४ कुणाकडे असतील, तर त्यांचीही काच आधी मोजा.

बसवताना अ‍ॅम्प बंद, प्लग भिंतीतून बाहेर आणि ट्यूब पूर्ण गार. ट्यूब पिनांच्या रेषेत सरळ ओढा, गोल हलवू नका. काचेच्या माथ्यावर एक टोकदार फुगवटा असतो. कारखान्यात हवा काढून काच तिथेच वितळवून बंद केलेली असते. रिंग चढवताना तिचा दाब या टोकावर आला आणि ते मोडलं, तर ट्यूब गेलीच. आतला चंदेरी डाग पांढरा पडतो, मग ती फक्त शोभेची. म्हणून रिंग दोन्ही हातांनी ताणून टोकावरून अलगद पार करा, मग खाली गुंडाळत न्या. काचेवरची छपाई या घासण्याने हमखास पुसते, तेव्हा दोन्ही ईएल८४ सारख्याच चालतात हे दाखवणारे जोडीचे जुळणीचे आकडे आधी लिहून ठेवा.

प्रत्येक ईएल८४ वर दोनच रिंगा. एक वरच्या अभ्रकाच्या पातळीला, दुसरी खालच्या. मधला भाग, म्हणजे करड्या प्लेटच्या पोटासमोरची काच, मोकळी सोडा. ट्यूब तिथे सर्वांत तापते, उष्णता तिथूनच बाहेर पडते आणि सिलिकॉनही तिथेच लवकर म्हातारं होतं. तिसरी रिंग चढवण्याचा मोह टाळा. तारेची क्लिप असेल, तर रिंग तिच्याखाली चिरडत नाही ना ते पाहा. १२एएक्स७ वर झणझण नसेल तर रिंगा लावूच नका, पहिल्या जागेवर हवी तर एक.

ट्यूब बाहेर आहेतच, तर पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यानंतर त्या हमखास मळलेल्या असतात. ट्यूब सॉकेटात डुलत असेल, तर सॉकेटची पकडही घट्ट करावी लागेल, पण ते काम सुईने चटकन उरकायचं नाही. सॉकेटातल्या काही पत्र्यांवर ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि अ‍ॅम्प बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये तो साठून राहू शकतो. कपॅसिटर रिकामे करून मीटरवर शून्याजवळ आकडा पाहता येत नसेल, तर जाणत्या मेकॅनिककडे द्या.

निकाल असा: काच घुमण्याने येणारी झणझण रिंगांनी जाते, निदान बँडमध्ये ऐकू येणार नाही इतकी दबते. गिटारच्या सुराला धक्का लागत नाही, आणि रिंगांनी आवाज ‘उबदार’ होतो या जाहिरातीला आम्ही किंमत देत नाही. नव्या रिंगांचा पहिल्या तासात हलका वास येतो, तो जातो. झणझण कायम राहिली, तर गार ट्यूब कानाशी धरून नखाने टिचकी मारा. बारीक किणकिण आली तर हरकत नाही. खुळखुळ्यासारखं काही आत फिरत असेल, तर दोन्ही ईएल८४ जुळलेल्या जोडीनेच बदला. मूळ ब्लूज ज्युनियरमध्ये बायस, म्हणजे ईएल८४ मधून किती प्रवाह वाहावा ते ठरवणारा व्होल्टेज, फिरवायची सोय नाही, त्यामुळे जोडीची जुळणी इथे जास्त महत्त्वाची. रिंगा मात्र जुन्या ट्यूबवरून काढून नव्यावर चढवता येतात. काढल्यावर ताणून पाहा. वळवताना बारीक चिरा दिसल्या, तर टाकून द्या.