रोकफोरची तळघरे : काँबालूच्या पोटातील एक सफर

फ्रान्सच्या दक्षिणेकडील आव्हेरों जिल्ह्यातले रोकफोर-सूर-सुलझाँ हे जेमतेम पाच-सहाशे लोकवस्तीचे गाव जगाला ठाऊक आहे ते त्याच्या निळ्या शिरांच्या चीजमुळे. ते चीज जिथे मुरते ती तळघरे मार्गदर्शकासोबत दाखवण्याची व्यवस्था इथल्या काही उत्पादकांनी केली आहे. मी पाहिली ती एका मोठ्या उत्पादकाची सफर. तिच्याविषयीचे माझे मत आधीच सांगतो : जमिनीखालचे जग ही सफर उत्तम समजावते, पण ज्या माणसांनी हे गाव चालवले त्यांच्याकडे तिचे लक्ष फार कमी आहे.

सफरीचा सर्वांत सरस भाग भूगोलाचा आहे. लार्झाकच्या चुनखडीच्या पठारालगत काँबालू नावाचा डोंगर आहे. चुनखडीखालचे चिकणमातीचे थर निसटल्यामुळे त्याची एक बाजू फार पूर्वी कोसळली, आणि खाली आलेल्या अजस्र शिळांच्या ढिगात पोकळ्या व लांबच लांब भेगा राहिल्या. गाव या ढिगाच्या उतारावरच वसले आहे, त्यामुळे रस्त्यावरून अरुंद दिसणारी घरे मागे आणि खाली खडकात कित्येक मजले उतरत जातात. भेगांना इथे ‘फ्लरीन’ म्हणतात. त्यांतून थंड, ओलसर हवा सतत खेळत राहते, आणि तिच्यामुळे तळघरांचे तापमान उन्हाळ्यातही दहा अंशांच्या आसपास राहते. भेगांच्या तोंडाशी झडपा बसवलेल्या आहेत. हवा किती आत घ्यायची हे तळघराचा प्रमुख कारागीर त्या उघडून वा मिटून ठरवतो. झडपेसमोर उभे राहून तो झोत अंगावर घेतला की या चीजसाठी हेच गाव का, हे वेगळे सांगावे लागत नाही. (गरम कपडे मात्र सोबत हवेतच, बाहेर कडक ऊन असले तरी आत हुडहुडी भरते.)

कृतीचे स्पष्टीकरणही नेमके होते. लाकोन जातीच्या मेंढ्यांचे न तापवलेले दूध, त्यात पेनिसिलियम रोकफोर्टी ही बुरशी, मग कोरड्या मिठाचे लेपन. हे सगळे पठारावरच्या आणि खोऱ्यांतल्या चीजशाळांमध्ये होते. गावात येतात ते पांढरे, सुमारे अडीच-तीन किलोंचे गोल ठोकळे. त्यांना सुयांनी आरपार भोके पाडतात, कारण बुरशीला वाढायला हवा लागते, आणि मग ते ओकच्या फळ्यांवर कडेवर उभे करून ठेवतात. काँबालूच्या तळघरांत ते किमान चौदा दिवस उघडे राहिलेच पाहिजेत, असा नियम आहे. त्यानंतर धातूच्या पातळ वर्खात गुंडाळले की बुरशीची वाढ मंदावते, आणि दूध जमवल्यापासून किमान नव्वद दिवस झाल्याशिवाय ते विक्रीला येत नाही. सफरीत पहिल्या चौदा दिवसांचेच कौतुक अधिक होते. उरलेला मोठा काळ चीज वर्खात आणि बहुधा साध्या शीतगृहात काढते, हेही तितक्याच मोकळेपणाने सांगितले असते तर बरे झाले असते.

इतिहास दृक्‌श्राव्य पट्टीतून येतो, आणि इथे निराशा सुरू होते. चीज गुहेत विसरून गेलेल्या प्रेमवेड्या मेंढपाळाची दंतकथा बराच वेळ घेते. याउलट राजा सहावा शार्ल याने 1411 मध्ये इथे चीज मुरवण्याचा हक्क गावकऱ्यांना दिला, तूलूझच्या न्यायसभेने 1666 मध्ये नकली मालाविरुद्ध निर्णय दिला, आणि 1925 मध्ये कायद्याने हे नाव संरक्षित करून चीजसाठी असे संरक्षण मिळवण्याचा पहिला मान रोकफोरला दिला, हे टप्पे भराभर सरकून जातात. एवढ्याशा गावाने आपले नाव शतकानुशतके न्यायालयांत लढून राखले, ही गोष्ट मला त्या दंतकथेपेक्षा कितीतरी रोचक वाटते.

सर्वांत मोठी उणीव आहे ती ‘काबानियेर’ स्त्रियांची. तळघरांत थंडी-ओलाव्यात उभे राहून चीजला मीठ चोळणे, त्याचा पृष्ठभाग खरवडणे, ठोकळे फिरवणे हे काम पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने याच स्त्रियांनी केले. सफरीत त्यांची जुनी छायाचित्रे भिंतीवर आहेत, पण त्यांचे कामाचे तास, त्यांची मजुरी, त्यांचे राहणे यांबद्दल मार्गदर्शकाकडून एखादे वाक्यच ऐकायला मिळाले. वरच्या पठारावरचे मेंढपाळही असेच निसटतात. लष्करी तळाच्या विस्ताराविरुद्ध 1971 ते 1981 अशी दहा वर्षे लढून जमीन राखणारे लार्झाकचे शेतकरी रोकफोरच्या दूधक्षेत्रातले होते, आणि 1999 मध्ये अमेरिकेने या चीजवर शंभर टक्के आयातशुल्क लावले तेव्हा जवळच्या मियो शहरात निदर्शने करणारेही मेंढीपालकच होते. चीजच्या किमतीमागे हे सारे आहे.

म्हणून सफर संपल्यावर लगेच गाडीत बसू नये. गाव एकाच मुख्य रस्त्याच्या दुतर्फा, डोंगराच्या कुशीत लांबट पसरले आहे. दुकाने बहुतेक चीजचीच, आणि कामाची पाळी सुटली की गाव झपाट्याने रिकामे होते, कारण इथे काम करणारे अनेकजण आसपासच्या गावांतून व सेंत-आफ्रिककडून येतात. डोंगरावर जाणारी पायवाट चढल्यास कोसळलेला कडा आणि गावाची उतरंड एकाच नजरेत येते, आणि तळघरात ऐकलेले भूशास्त्र तिथे पक्के होते.

शेवटी चव देतात आणि दुकानातून विक्री होते. चव घेण्याची पद्धत चांगली आहे : वेगवेगळ्या तळघरांतले तुकडे एकामागून एक देतात, त्यामुळे बुरशीचा तिखटपणा आणि लोण्यासारखा मऊपणा यांचे प्रमाण कसे बदलते ते जिभेला नेमके कळते. घरी नेलेला तुकडा खाण्यापूर्वी तासभर शीतकपाटाबाहेर ठेवावा. शाकाहारी वाचकांनी एक ध्यानात घ्यावे : दूध जमवण्यासाठी प्राण्यांच्या जठरातले रेनेट वापरले जाते, आणि सफरीत ही माहिती कुणी आपणहून सांगत नाही.