एष्टी स्टँडसमोरची खानावळ, दर्यापूर-अंजनगाव रोड : साडेचार स्टार आणि मालकाला एक विनंती

बचत गटांच्या कामासाठी दर गुरुवारी मला या रोडवरच्या खेड्यांत फिरावं लागते, त्यामुळे या खानावळीत वर्षभरात चाळीसेक वेळा तरी जेवली असेन, पण लिहावं असं आत्ताच वाटलं आणि तेही एका आजीमुळे.

आधी जेवणाचं सांगते. साधी थाळी ८० रुपये, दोन पोळ्या किंवा ज्वारीची एक भाकर, एक भाजी, वरण, भात, ठेचा, कांदा. गुरुवारी झुणका राहतेच. वांग्याच्या भाजीला तर्री चांगली येते पण सावजीसारखी जाळ नाही करत, पोटाला त्रास होत नाही. थंडीत कण्या घातलेली अंबाडीची भाजी असली तर बाकी काही मागवू नका, तीच घ्या. ठेचा सांभाळून. सकाळी आलूबोंडा भेटते, ठीक आहे, स्टँडवरचा जास्त चांगला.

याच खानावळीत शिवभोजन केंद्र आहे. १० रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. २६ जानेवारी २०२० ला ही योजना सुरू झाली तेव्हा खेड्याकडच्या थाळीचा दर ३५ रुपये धरला होता, १० जेवणाऱ्याचे आणि २५ सरकारचे. मालक सांगत होता की अनुदान उशिरा आलं की किराणावाल्याची उधारी वाढते, तरी त्यानं थाळी बंद नाही केली. मी दुसरीकडे पाहिलं आहे, १० रुपयेवाल्यांना मागच्या बाजूला बसवतात, ताट वेगळं, वरणात नुसतं पाणी. इथं बाक एकच, ताट तेच, वरणाचं भगोनंही तेच.

म्हणूनच ती आजी माझ्यासमोर येऊन बसली. गर्दी होती, तिनं आधी गाठोडं आत सरकवलं मग चौकटीला धरून स्वतः ओट्यावर चढली आणि विचारलं, "बसू का वं बाई इथं?" बसल्या बसल्या माझ्या ताटात पाहून म्हणे वांगं हाय का, दे एक फोड. मी दिली. मग खानावळीतला वाढणारा पोरगा मोबाईल घेऊन आला, शिवभोजनात जेवणाऱ्याचा फोटो ॲपवर टाकावा लागते ना, तर आजीनं पदर डोक्यावर नीट घेतला, सरळ बसली, फोटो झाला, मगच घास.

मी विचारलं रोज येता का. "रोज येतो ना. वरन पातय राह्यते पन गरम राह्यते. भात मस्त शिजते, दात नाई तरी चालते. दोन पोया कमी पडल्या त हा पोरगा भाकरीचा तुकडा टाकते." आता मी चाळीस वेळा जेवून जे सांगू शकत नाही ते तिनं तीन वाक्यात सांगितलं, वरण खरंच पातळ आहे.

राहता कुठं विचारलं तर हात स्टँडकडे केला. गाव जवळच आहे, घर मातीचं होतं, झडीत भित पडली. घरकुल नाही भेटलं कारण जागा भासऱ्याच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या नावावर. आता रात्री स्टँडवरच्या बाकावर, बाजाराच्या दिवशी भाजीवाल्यांना सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या बांधून देते त्याचे थोडे पैसे येतात. ७५ च्या वरच्यांना २०२२ पासून एष्टी फुकट आहे, तर "उन्हायात मी अकोटच्या गाडीत बसतो, जातो अन् वापस येतो, तेवढीच सावली." मे महिन्यात इकडे पारा ४५ ला जातो तेव्हा ही बाई सावलीसाठी एष्टीत बसते, मला घास गिळवेना.

तिला निराधारचा पगार होता, महिन्याचे दीड हजार. सहा महिने झाले बंद. हयातीचा दाखला दिला नाही म्हणून. "मले म्हनते तू जिती हाय त्याचा कागद आन. इथं रोज फोटू काढते न माहा, तो काऊन नाई चालत?"

माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. मी म्हटलं पुढच्या गुरुवारी आधार आणि पासबुक घेऊन इथंच बसा. ती बसली होती, गाठोड्यातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं सगळं काढलं, याच बाकावर अर्ज भरला, पेन मालकाचा. कागद दिले आहेत, पैसे अजून आले नाहीत, मी पाठपुरावा करतेय. असं कुणी दिसलं तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा फोन नंबर फुकट आहे, सकाळी ८ ते रात्री ८, तोंडपाठ करून ठेवा.

भिंतीवर गाडगेबाबांचा फोटो आहे, बाबांचं शेंडगाव अंजनगाव तालुक्यातलंच. आजी पौषात ऋणमोचनच्या यात्रेला जाते, जाताना त्या फोटोला हात जोडून जाते.

हात धुवायच्या नळाला कधी पाणी असते कधी नसते, बादलीत पाणी काढायचा मग टाकून ठेवतात. नेट गेलं की फोटो अपलोड होत नाही आणि १० रुपयेवाले ताटकळतात, अशा वेळी पोरगा आधी वाढतो आणि फोटो मागून काढतो, हे मला फार आवडलं. दुपारी दीडनंतर भाजी संपते, लवकर जा, चिल्लर न्या.

अर्धा स्टार कापला तो ओट्यासाठी. गुडघ्याएवढा उंच आहे आणि खाली नुसता एक डगमगणारा दगड ठेवला आहे. तुमच्याकडे जेवायला येणारे निम्मे म्हातारे आहेत दादा, सिमेंटची एक पायरी बांधा आणि बाजूला धरायला पाइप लावा, सिमेंटचे पैसे मी देते.