वीजबिलातले जादा पैसे काढून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध

भोसरी, चाकण, हडपसर, जिथे जिथे गाळे आहेत तिथे हे लोक फिरतायत. "जुन्या बिलांत जादा घेतलेले पैसे काढून देतो, मिळाले तरच ४०%." आमच्या ६५ केव्हीएच्या कनेक्शनवर १,३५,८०० रुपयांना चुना लागला. नोंदणीचे १८,००० आणि जीएसटी धरून २१,२४०, मग हिश्श्याचे १,१४,५६०. तोंडाने 'मिळाले तरच', करारात मात्र "अहवालात आढळलेल्या रकमेच्या ४०%". आढळले २,८६,४००, जमा झाला शून्य. मार्च एंडच्या धावपळीत दहा पानी इंग्रजी करार कोण वाचतो? वेळ मुद्दाम तीच साधतात.

खरी चीड येते अहवालाच्या चौथ्या पानाची. २०२१-२२ साठी "पॉवर फॅक्टर इन्सेंटिव्ह दिला नाही, ९६,२०० रुपये". घेतलेली वीज किती कामी लागते ते प्रमाण म्हणजे पॉवर फॅक्टर, आणि ते चांगलं ठेवल्याची सूट म्हणजे हा इन्सेंटिव्ह. अरे, १ एप्रिल २०२० पासून २० किलोवॅटवरच्या लघुदाब ग्राहकाचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टर धरून मोजलेल्या युनिटवर, येतं! पॉवर फॅक्टर त्या युनिटातच आला, वेगळा इन्सेंटिव्ह उरलाच कुठे? बिलावर छापलेलं असतं. हे पान समोर असताना पैसे द्यायचेच नव्हते. पण कलमं, तक्ते, शिक्के असे चोख की सीएनेही मान डोलावली. वर पाच वर्षांचा दावा, जेव्हा वीज कंपनीचा ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच दोन वर्षांपलीकडची तक्रार दाखलच करून घेत नाही. सुरक्षा ठेवीचं व्याज, जे बिलात आपोआप वळतं होतं, तेही म्हणे यांनीच शोधलं.

खरा तपासणारा आधी मीटरची पेटी बघतो. सीटी (मोठा करंट मीटरसाठी कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) १००/५ आणि मीटर ५०/५ असेल तर गुणक, म्हणजे रीडिंगला ज्याने गुणतात तो आकडा, २. दोन्हींवर १००/५ असताना बिलात गुणक २ लागला असेल, तर बिल दुप्पट येतंय. हा पठ्ठ्या मीटरकडे फिरकलाच नाही, व्हॉट्सअॅपवर पीडीएफ मागवले. पीडीएफवर सीटी दिसत नाही.

चौकीत ऐकवलं, "दिवाणी बाब आहे, सही तुमचीच." वीज कार्यालय म्हणतं, खासगी सल्लागाराशी आमचा संबंध नाही. मग आमचा ग्राहक क्रमांक आणि मंजूर भार त्याला पहिल्या फोनलाच कसा पाठ होता? यावर उत्तर नाही. लेखी द्या म्हणाले. दिलं, तर पोच द्यायला इनवर्डला माणूस नाही, साहेब साइटवर. ऑनलाइन तक्रार टाकली, ती कुणी न बोलता 'निकाली'. दरम्यान पावतीवरचा जीएसटी नंबर रद्द झालेला निघाला, म्हणजे ३,२४० चं इनपुट क्रेडिटही (भरलेल्या जीएसटीची वजावट) गेलं. हा नंबर जीएसटी पोर्टलवर मिनिटात तपासता येतो, पैसे देण्याआधी तपासा.

पुढच्या तारखेचा चेक तर अजिबात देऊ नका. १,१४,५६० त्यामुळेच सोडावे लागले. चेक परत गेला असता तर कलम १३८ ची (चेक न वटल्याच्या गुन्ह्याची) नोटीस उलट आम्हालाच आली असती. जादा वसुली खरोखर झाली असेल तर वीज कायदा २००३ च्या कलम ६२(६) प्रमाणे ती व्याजासह मागता येते, आणि मंचाकडचा अर्ज ग्राहक स्वतः करू शकतो. सोबत सीटी आणि मीटरच्या पाट्यांचे फोटो, दोन वर्षांची बिलं जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.