जुलै फोर्थला तलावाकाठची जागा रिकामी मिळाली, तिथंच कळायला हवं होतं

आधीच सांगते, चूक माझी पण आहे. ती कुठं झाली ते पुढं येईलच. पण अमेरिकेतले आपले बरेच जण आता आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेऊन फिरायला लागलेत, त्यात आईबाबा आले की तर हमखास, म्हणून सगळं लिहून टाकतेय. लांबलंय जरा.

सासू-सासरे मे महिन्यात सांगलीहून आले. नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं, आता मुलांबरोबर निवांत कुठंतरी जाऊ, शेतं बघू, रात्री शेकोटी करू असं ठरलं. आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो, इथून आय-८८ हायवे धरला की अडीच-तीन तासांत मिसिसिपी ओलांडून अयोवात. माकोकेटा केव्ह्ज म्हणजे तिथल्या गुहा बघायच्या, मग डुब्यूक शहराकडं नदीकाठानं वर जायचं, असा साधा बेत. २८ फुटी क्लास सी आरव्ही चार दिवसांसाठी भाड्याने घेतली, त्यात किचन, टॉयलेट, एसी सगळं. आईंना टेंटमधे झोपायचं नव्हतं आणि ते बरोबरच होतं.

फक्त मी गाडी आधी बुक केली आणि गाडी लावायची जागा शेवटी. ४ जुलै, इथला स्वातंत्र्यदिन, शुक्रवारी होता म्हणजे सलग तीन दिवस सुट्टी, आणि मी जागा शोधायला बसले जूनच्या शेवटच्या आठवड्यात!! अयोवाच्या स्टेट पार्कचं बुकिंग तीन महिने आधी उघडतं, विस्कॉन्सिनचं तर ११ महिने आधी, आणि आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सचे धरणाकडेचे जे सुंदर कॅम्पग्राउंड असतात ते रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी वेबसाइटवर सहा महिने आधीपासून लोक धरून बसतात. हे मला आता पाठ आहे, तेव्हा माहीत नव्हतं. जिथं बघावं तिथं लाल, म्हणजे फुल्ल. आणि अशात एक प्रायव्हेट कॅम्पग्राउंड सापडलं, नाव घेत नाही, नदीपासून जवळ, 'फुल हुकअप, लेकसाइड, ३०/५० अँप, फॅमिली फ्रेंडली', तीन रात्री उपलब्ध. मी आनंदाने किंचाळलेच.

फोटो तर काय, निळं पाणी, काठावर पाइनची झाडं, मागे डोंगर. मी मोबाइल बाबांना दाखवला. बाबा म्हणाले, "अयोवात डोंगर हाय का?" मी म्हटलं असेल की एखादा. अयोवात! जिथं मका आणि सोयाबीन सोडून नजरेला काही अडत नाही तिथं मागे बर्फाचा डोंगर, आणि मला काही वाटलं नाही. (परत आल्यावर तो फोटो गूगलमधे टाकून शोधला, कोलोराडोचा निघाला.)

फोन केला तर माणूस एकदम गोड बोलला. तलावाला लागून साइट आहे, सीवर म्हणजे मैल्याची लाइन साइटवरच आहे, सावली आहे. रात्रीचे ८५ डॉलर, तीन रात्रींचे २५५, वर ४५ हॉलिडे चार्ज, झाले ३००. कार्डने भरलं तर ३००, झेलने (बँकेतून थेट पैसे पाठवायची सोय) आत्ता पाठवलं तर दहा टक्के कमी म्हणजे २७०. आणि दोन जण वेटिंगवर आहेत म्हणाला. मी उभ्या उभ्या २७० पाठवले. ३० डॉलर वाचवले म्हणून संध्याकाळी नवऱ्याला सांगितलंसुद्धा. कन्फर्मेशनचा ईमेल नाही, साइट नंबर नाही, फक्त एक मेसेज, 'यू आर ऑल सेट'.

गुरुवारी संध्याकाळी सातला पोचलो. बाहेर ३४ डिग्री, आणि मक्याच्या पट्ट्यात जुलैत जो दमटपणा असतो तो कोकणात मे महिन्यात असतो तसा, अंगाला कपडे चिकटतात. गेटवर गोल्फ कार्टमधून तोच माणूस आला, आता तेवढा गोड नव्हता. आत किती जण? सहा. साइट चार जणांची आहे, वरच्या दोघांचे रात्रीचे ८-८ डॉलर, म्हणजे तीन रात्रींचे ४८, कॅश. सीवर? त्या साइटला नाही, डम्प स्टेशन, म्हणजे गाडीची मैल्याची टाकी रिकामी करायची जागा, पलीकडे आहे, वापरायचे २० डॉलर. मी म्हटलं तुम्ही फुल हुकअप म्हणालात, तर म्हणे पाणी आहे वीज आहे, फुलच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, फुल हुकअप म्हणजे पाणी, वीज आणि सांडपाणी-मैल्याची लाइन तिन्ही जागेवर. फक्त पाणी-वीज असेल तर त्याला वॉटर-इलेक्ट्रिक म्हणतात आणि तो स्वस्त असतो. सहा माणसं असलेल्या गाडीत हा फरक दुसऱ्या दिवशी सकाळी कळतो.

तलाव म्हणजे खडी काढून झाल्यावर राहिलेला खड्डा, वर हिरवी साय, कडेला 'नो स्विमिंग'ची पाटी. मुलं पोहण्याचे कपडे घालूनच उतरली होती. आणि वारा फिरला की असा वास, की आईंनी पदर नाकाला लावला तो सकाळपर्यंत. मागे शेतापलीकडे लांबलचक पांढऱ्या छपरांच्या शेड ओळीने होत्या, त्या डुकरांच्या. अयोवात माणसं ३२ लाख आणि डुकरं दोन कोटींच्या वर आहेत, त्यामुळे यात त्या शेतकऱ्याचा काही दोष नाही, तो तिथं आधीपासून आहे. पण फोटोला वास नसतो ना.

आता खरा मुद्दा, वीज. साइटवर एक लोखंडी खांबडी असते, तिला पेडेस्टल म्हणतात, त्यात गाडीची जाड केबल लावायची. आमच्या खांबडीचं झाकण लोंबकळत होतं आणि प्लग बसेना, सैल, हाताने धरून ठेवावा लागेल असा. बाबा एमएसईबीत ३१ वर्षं वायरमन होते. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली तरी बॅगेत टेस्टर असतोच, अमेरिकेलाही आणलाय. त्यांनी झाकण उचलून आत नुसतं बघितलं, हात लावला नाही, आणि म्हणाले, "पोरी, ह्यात हात घालू नका. काँटॅक्ट जळल्यात बघ, काळं झालंय." आम्ही ऑफिसला गेलो तर ऑफिस बंद. शेवटी नवऱ्याने प्लग दाबून बसवला, दिवे लागले, एसी लावला, सगळे खूश.

दहा मिनिटांनी एसी घुं घुं करून बंद. परत चालू, परत बंद. मायक्रोवेव्हचं घड्याळ सारखं शून्यावर. बाबा बाहेर पायरीवर बसले होते ते म्हणाले, "आपल्याकडं रात्री दोनला शेतीच्या मोटारीला यायचं तसलं व्होल्टेज हाय हे. एसी बंद कर. मोटार जळंल." आणि मी काय केलं? मुलं घामाने रडत होती म्हणून अजून एकदा चालू केला. ही ती माझी चूक.

शेजारी इंडियानाहून आलेले एक आजोबा होते, त्यांनी आमची धडपड बघून स्वतःचा छोटा मीटर आणला, प्लगमधेच घालायचा असतो तो. १२० असायला हवं तिथं १०३ दाखवत होता, आणि एसी लावल्याबरोबर ९७. ते म्हणाले एका जुन्या लाइनवर दहा-बारा गाड्या टांगल्यात, सगळ्यांचे एसी एकदम चालू झाले की शेवटच्या गाडीला काही उरत नाही. आमची साइट अर्थातच ओळीत शेवटची. बाबांचं इंग्रजी 'यस' आणि 'नो'पुरतं आणि ते आजोबा पक्के मिडवेस्टर्न, पण दोघं खांबडीपाशी अर्धा तास काय बोलत होते देव जाणे. मीटरकडे बोट, लाइनकडे बोट, मग दोघांनी एकदम मान हलवायची. मला एवढंच समजलं की व्होल्टेज पडलं की मोटार जास्त करंट ओढते, तापते आणि जळते, आणि हे सांगलीत काय अयोवात काय सारखंच आहे.

रात्रभर खिडक्या उघड्या. डास होतेच. आणि दोनशे फुटांवर रेल्वे लाइन, मिसिसिपीच्या काठाकाठानं मालगाड्या जातात, आणि फाटक आलं की ड्रायव्हरने दोन लांब, एक आखूड, एक लांब असा भोंगा द्यायचाच असतो, नियमच आहे. रात्रीतून पाच गाड्या मोजल्या. धाकटा तिसऱ्या गाडीनंतर त्या भोंग्याची नक्कल करायला लागला. जनरेटर लावावा म्हटलं तर पाटीवर लिहिलेलं, जनरेटरला बंदी. लाकूडसुद्धा त्यांच्याकडूनच घ्यायचं, गठ्ठा दहा डॉलर. बाहेरचं लाकूड आणू नका हा नियम तसा खोटा नाही, अॅश झाडं पोखरणारा एक हिरवा किडा २००२ मधे डेट्रॉइटकडे सापडला आणि लाकडांबरोबर सगळीकडे पसरला, त्यामुळे जिथं जाळायचं तिथलंच लाकूड घ्या असं सगळीकडे सांगतात. पण याचं लाकूड ओलं होतं. नुसता धूर.

सकाळी मालकाला गाठलं. पैसे परत? पाटीकडे बोट, 'नो रिफंड्स'. मी म्हटलं बुक करताना हे कुठं सांगितलं होतंत, तर म्हणाला पाटी तेव्हापासून आहे. व्होल्टेजचं सांगितलं तर म्हणे तुमच्या भाड्याच्या गाडीत प्रॉब्लेम असेल, बाकी कुणाची तक्रार नाही. इंडियानाचे आजोबा मागेच उभे होते, ते नुसते खोकले. वरचे ४८ मागितले तर गोल्फ कार्ट वळवून गेला.

आम्ही निघालो. जाणार कुठं ते माहीत नव्हतं, सणाचा दिवस. आजोबांनीच सांगितलं की इथल्या छोट्या गावांच्या सिटी पार्कमधे चारपाच विजेच्या जागा असतात, आधी येईल त्याची, ऑनलाइन दिसतच नाहीत. आणि अयोवाच्या ९९ काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या) आहेत, प्रत्येकीचं स्वतःचं कॉन्झर्व्हेशन बोर्ड आणि त्यांची पार्क, तीही बघा. तिसऱ्या गावात बेसबॉलच्या मैदानामागे एक जागा रिकामी मिळाली. ऑफिस नाही, माणूस नाही, एक लोखंडी पेटी, त्यातून पाकीट घ्यायचं, गाडीचा नंबर लिहायचा, २० डॉलर घालून पाकीट फटीतून आत टाकायचं. बाबांना हे इतकं आवडलं की पाकीट त्यांनीच टाकलं. खांबडी नवीन, प्लग घट्ट. पण एसी काही लागला नाही, नुसता पंखा. कपॅसिटर की कॉम्प्रेसर, काहीतरी गेलं होतं.

तरी ते दोन दिवस चांगले गेले. गावाच्या परेडमधे ट्रॅक्टरवरून पोरांना चॉकलेट-गोळ्या फेकत होते, आईंनी पदरात झेलल्या. माकोकेटा केव्ह्जला बाबा डान्सहॉल केव्हमधे शेवटपर्यंत चालले, १७ टनांचा बॅलन्स्ड रॉक बघून म्हणाले, "ह्याला सपोर्ट कुणी दिलाय?"

परत आल्यावर दुसरा फटका. आरव्हीवाल्यांनी हजार डॉलरच्या डिपॉझिटमधून एसीचे ५७५ कापले. करारात होतं की लो व्होल्टेजने झालेलं नुकसान भाडेकरूचं. आणि गाडी घेताना त्यांनी विचारलं होतं, व्होल्टेज पडलं की लाइन आपोआप तोडणारा सर्ज प्रोटेक्टर हवा का, दिवसाला दहा डॉलर. नको म्हणाले होते मी.

बँकेला फोन केला. झेल म्हणजे तुम्ही स्वतःहून रोख दिल्यासारखं आहे म्हणाले, कुणी तुमच्या खात्यातून चोरले असते तर गोष्ट वेगळी. क्रेडिट कार्ड असतं तर सांगितलेली सेवा मिळाली नाही म्हणून स्टेटमेंट आल्यापासून ६० दिवसांत डिस्प्यूट टाकता आला असता. म्हणजे तो ३० डॉलरचा डिस्काउंट मी माझा म्हणून मिरवत होते, तो खरा त्याच्या सोयीचा होता. अयोवाच्या अॅटर्नी जनरलकडे कन्झ्युमर प्रोटेक्शनला ऑनलाइन तक्रार टाकलीय, मेसेज आणि मीटरचा फोटो जोडलाय. बघू.

आता मी काय करते ते सांगते. जागा आवडली की आधी सॅटेलाइट व्ह्यू उघडते, रेल्वे लाइन, खाणीचा खड्डा आणि ती पांढरी लांब छपरं वरून स्पष्ट दिसतात, दोन मिनिटांचं काम. रिव्ह्यू नवीन आधी असे लावते आणि फक्त जुलै-ऑगस्टचे वाचते, कारण एप्रिलमधे कुणाचाच एसी चालू नसतो, तेव्हा वीज सगळ्यांचीच छान. साइट नंबर, सीवर जागेवर आहे का, माणशी जादा किती आणि कॅन्सल केलं तर काय, हे ईमेलवर मागते, आणि कार्ड घेत नसेल तर फोन ठेवते. सरकारी पार्क फुल्ल असलं तरी शेवटच्या दोन-तीन दिवसांत लोक कॅन्सल करतात, तेव्हा रोज सकाळी बघायचं. मीटर ३० डॉलरला मिळाला. बाबांनी तो घरातल्या प्रत्येक प्लगमधे घालून बघितला, गॅरेजमधला एक खराब निघाला.

परवा ती वेबसाइट परत उघडली. लेबर डेसाठी (सप्टेंबरमधली सुट्टी) 'ओन्ली टू साइट्स लेफ्ट' आहे, आणि मागे डोंगर तसाच.